गाडी तेरा लाखांची, कागद पासष्ट लाखांचा



आज आपण चारचाकीच्या खर्चाबद्दल बोलणार आहोत. आम्ही सहयोगिनी महिनाभर गावोगावच्या गटांच्या बैठकांना जातो. पूर्वी कर्जाची मागणी यायची ती शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, मुलांच्या फीसाठी. आता अधूनमधून चारचाकीसाठीही विचारणा होते. घरच्यांनी गाडी बघून ठेवलेली असते आणि ताई विचारतात, "हप्ता किती बसेल?" विचारणं बरोबरच आहे. पण हप्ता म्हणजे गाडीचा सगळा खर्च नव्हे. उरलेला खर्च कुठे कुठे दडलेला असतो, हे समजून घ्यायला आज आपण एका लांबच्या देशात जाऊ. देश अगदी छोटा, माणसं दाटीवाटीने राहणारी, आणि गाडीचा खर्च जवळजवळ सगळाच घेणाऱ्याच्या पावतीवर लिहिलेला. तो देश म्हणजे सिंगापूर.

आधी त्याचा आकार डोळ्यांपुढे आणा. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे आपले दोन जिल्हे मिळून साधारण ६०३ चौरस किलोमीटर भरतात. सिंगापूर हा आख्खा देश ७३५ चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मुंबईहून थोडासा मोठा. त्यात सुमारे ६० लाख माणसं राहतात. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत एका चौरस किलोमीटरला ३६५ माणसं होती. तिथे हा आकडा आठ हजारांच्या वर जातो. आणि मुंबईत जागा संपली की माणूस ठाण्याला, पनवेलला, पुढे कर्जतला सरकतो. सिंगापूरला सरकायला जागा नाही. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला चिंचोळी सामुद्रधुनी, तिच्या पलीकडे मलेशिया, म्हणजे दुसरा देश.

आता या जागेत घरं हवीत, शाळा हव्यात, बंदर हवं, विमानतळ हवा, पाण्याचे तलाव हवेत. तिथलं सरकार सांगतं की देशाच्या जमिनीपैकी सुमारे १२ टक्के जमीन रस्त्यांखाली गेली आहे आणि घरांखाली १४ टक्के. म्हणजे माणसांना राहायला जेवढी जागा, जवळपास तेवढीच गाड्यांना धावायला. यापुढे रस्ता वाढवायचा तर घराची किंवा झाडाची जागा घ्यावी लागणार. म्हणून त्यांनी उलट्या बाजूने हिशोब मांडला. रस्ते एवढेच राहणार असतील, तर गाड्या किती मावतील? तो आकडा आधी ठरवायचा आणि तेवढ्याच गाड्यांना परवानगी द्यायची.

ही पद्धत मे १९९० पासून सुरू आहे. गाडी घ्यायची असेल तर आधी सरकारकडून एक दाखला विकत घ्यावा लागतो. इंग्रजीत त्याला सर्टिफिकेट ऑफ एंटायटलमेंट म्हणतात, बोलताना लोक सीओई म्हणतात. आपण त्याला हक्काचा दाखला म्हणू. तो असला तरच गाडीचं पासिंग होतं. आणि तो कायमचा नसतो. त्याची मुदत दहा वर्षांची. म्हणजे दाखल्याचे पैसे भरले की गाडी मिळत नाही, दहा वर्षं ती रस्त्यावर ठेवायचा हक्क मिळतो. गाडीचे पैसे वेगळेच.

हा दाखला ठरलेल्या भावाने मिळत नाही. त्याचा लिलाव होतो, महिन्यातून दोनदा. लिलाव आपल्याला नवा नाही. बाजार समितीत कांद्याचा लिलाव आपण पाहिलाय, लिलावाची भिशीही ऐकून माहीत आहे. पण इथे एक वेगळेपण आहे. समजा तीन दाखले आहेत आणि घेणाऱ्या पाच जणी आहेत. पहिली म्हणाली एक लाख दहा हजार डॉलर, दुसरी एक लाख, तिसरी ९८ हजार, चौथी ९५ हजार, पाचवी ९० हजार. वरच्या तिघींना दाखले मिळाले. आता पैसे किती भरायचे? जिने जास्त बोली लावली तिला जास्त, असं नाही. जिला दाखला मिळाला नाही अशा चौथीची बोली पाहायची आणि तिच्यावर एक डॉलर चढवायचा. तिघींनीही ९५,००१ डॉलरच भरायचे. म्हणून तिथल्या लिलावाचे आकडे पुष्कळदा असे एका डॉलरवर संपलेले दिसतात. छोट्या गाड्यांचा लिलाव वेगळा, मोठ्या गाड्यांचा वेगळा, ट्रक-बसचा वेगळा आणि मोटारसायकलींचा वेगळा.

भाव किती वरखाली होतो ते ऐका. नोव्हेंबर २००८ मध्ये जगभर मंदी आली होती. लोकांनी हात आखडला, घेणारेच कमी झाले, आणि छोट्या गाडीचा दाखला फक्त दोन डॉलरला गेला. बरोबर ऐकलंत, दोन डॉलर. त्यानंतर पंधरा वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, छोट्या गाडीचा दाखला १,०६,००० डॉलरला गेला आणि मोठ्या गाडीचा १,५०,००१ डॉलरला. दाखला तोच, कागद तोच. घेणारे वाढले, दाखले मात्र वाढले नाहीत. सुरुवातीला तिथे वाहनांची संख्या वर्षाला तीन टक्क्यांनी वाढू देत. ती सवलत कमी करत करत फेब्रुवारी २०१८ पासून मोटारी आणि मोटारसायकलींसाठी शून्यावर आणली. म्हणजे मुख्यतः जुन्या गाड्या जेवढ्या मोडीत निघतील, तेवढ्याच नव्यांना वाट. नंतर, २०२४ मध्ये, पुढच्या काही वर्षांत मिळून २०,००० जादा दाखले थोडे थोडे सोडायचं ठरलं. पण रांग मोठी असली की तेवढ्याने भाव जमिनीवर येत नाही.

आता पावती मांडू. वही-पेन असेल तर घ्या. सिंगापूरच्या एका डॉलरला आपण हिशोबापुरते ६५ रुपये धरू. गाडी साधी, पेट्रोलवरची, आपल्याकडे मध्यम घर घेईल तशी. ती परदेशातून बंदरावर उतरली तेव्हा तिची किंमत २०,००० डॉलर, म्हणजे १३ लाख रुपये.

त्यावर जकात २० टक्के, ४,००० डॉलर. या दोन्हींवर जीएसटी ९ टक्के, २,१६० डॉलर. पुढे नोंदणीचा जादा आकार. तो गाडीच्या मूळ किमतीच्या पहिल्या २०,००० डॉलरवर शंभर टक्के असतो, म्हणजे जेवढी गाडी तेवढाच आकार, २०,००० डॉलर. गाडी त्याहून महाग असेल तर वरच्या रकमेवर हा दर चढत जातो आणि फार महागड्या गाडीला शेवटच्या टप्प्यावर ३२० टक्क्यांपर्यंत पोचतो. मग साधं नोंदणी शुल्क ३५० डॉलर. आणि शेवटी आपला हक्काचा दाखला. तो १,००,००० डॉलरला मिळाला असं धरू.

बेरीज करा. १,४६,५१० डॉलर. रुपयांत सुमारे ९५ लाख. विकणाऱ्याचा नफा अजून धरलेलाच नाही. या ९५ लाखांत गाडी आहे १३ लाखांची आणि दाखला आहे ६५ लाखांचा. आपल्या राज्यात १३ लाखांची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर जीएसटी सोडून मोटार वाहन कर १२ टक्के, म्हणजे दीड लाखाच्या आसपास भरावा लागतो, तोही एकदाच.

तुम्ही म्हणाल, तिथला पगारही मोठा असेल. मोठा आहेच. २०२४ मध्ये तिथल्या पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या रहिवाशांचा मधला पगार महिन्याला ५,५०० डॉलर होता, आणि त्यात मालकाने भविष्य निर्वाह निधीत भरलेला वाटाही धरलेला आहे. मधला पगार म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी. तेव्हा असा पगार असणाऱ्या माणसाने घरात एक पैसाही खर्च न करता साठवला, तरी नुसत्या दाखल्याचे लाख डॉलर जमायला अठरा महिने लागतात.

मग लोक कर्ज काढत असतील ना? काढतात, पण तिथेही लगाम आहे. आपण घेतलीय तशी, मूळ किंमत २०,००० डॉलरपर्यंतची गाडी असेल तर जास्तीत जास्त ७० टक्के कर्ज मिळतं. त्याहून महाग गाडीला ६० टक्केच. आणि फेड सात वर्षांत संपवावी लागते. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या घराला सुरुवातीलाच सुमारे ४४,००० डॉलर रोख हवेत, आपले साडेअठ्ठावीस लाख. शून्य डाउनपेमेंट, गाडी आजच घरी न्या, असा प्रकार तिथे चालत नाही.

गाडी दारात आली. आता तिचा रोजचा खर्च. आपण धरला तसा १६०० सीसीचं इंजिन असेल तर रस्ता कर वर्षाला साधारण ७४० डॉलर. बहुतेक लोक सरकारी मंडळाने बांधलेल्या उंच इमारतींत राहतात, तिथे छपराखाली गाडी लावायचे महिन्याला सुमारे ११० डॉलर. विमा वेगळा, पेट्रोल वेगळं. शिवाय गर्दीच्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी गेलं की पैसे आपोआप कापले जातात. ही पद्धत तिथे फार जुनी आहे. जून १९७५ मध्ये शहराच्या मध्यभागी सकाळी गाडी न्यायची तर दिवसाला तीन डॉलरचा पास काचेवर लावावा लागे. १९९८ पासून हे काम यंत्र करतं.

पेट्रोल शेजारच्या मलेशियात पुष्कळ स्वस्त आहे. पूल ओलांडला की पंप. पण त्यावरही नियम आहे. सिंगापूरची गाडी देशाबाहेर जाताना तिची टाकी तीन चतुर्थांश भरलेली असलीच पाहिजे. रिकामी टाकी नेऊन पलीकडे भरून आणायची सोय नाही. हा नियम १९९१ पासून आहे.

आणि दहा वर्षं झाली की दाखला संपला. तेव्हा दोन वाटा. गाडीची नोंदणी रद्द करायची, मग ती भंगारात जाते किंवा दुसऱ्या देशात विकली जाते. नाहीतर मागच्या तीन महिन्यांत लिलावाचा जो सरासरी भाव असेल त्या हिशोबाने पुन्हा पैसे भरून दाखल्याची मुदत वाढवून घ्यायची. म्हणून तिथल्या रस्त्यावर जुनी गाडी फारशी दिसत नाही. आपल्याकडे वीस वर्षांची गाडीही वडाप म्हणून धावते. तिथे इंजिन ठणठणीत असलं तरी कागद संपला की गाडी संपली.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा. दहा वर्षांसाठी लाख डॉलर, म्हणजे दिवसाला २७ डॉलर, आपले सुमारे १,७८० रुपये. हे गाडी चालवल्याचे पैसे नाहीत. गाडी दारात उभी राहिली तरी लागणारे आहेत. घरातली सगळी गावाला गेली तरी मीटर चालूच. आणि तिथे रेल्वेने किंवा बसने कार्डावर लांबात लांब जायला साधारण अडीच डॉलर लागतात. जाऊन येऊन पाच. रोज सकाळी माणसापुढे हे दोन आकडे असतात. एकीकडे २७, दुसरीकडे पाच. म्हणून साधारण तीनातल्या एकाच घरात मोटार आहे. बाकीची दोन घरं बसने, रेल्वेने, पायी किंवा गरज पडली तर टॅक्सीने जातात. नोकरीनिमित्त तिथे गेलेल्या आपल्या मराठी कुटुंबांनाही हाच हिशोब करावा लागतो.

मग हे सगळं न्यायाचं आहे का? इथे आम्हाला थांबून विचार करावासा वाटतो. लिलावात ज्याच्याकडे पैसा त्याचा हात वर. ज्या घरात चाकाच्या खुर्चीवरचे सासरे आहेत, दोन तान्ही मुलं आहेत, त्या घराला गाडीची गरज जास्त. पण बोली लागते ती पैशाची, गरजेची नाही. श्रीमंताच्या दुसऱ्या-तिसऱ्या गाडीला आणि या घराच्या पहिल्या गाडीला एकाच लिलावात उभं राहावं लागतं. मोटारसायकलीचं तर आणखी अवघड. २०२२ च्या अखेरीला तिच्या दाखल्याचा भाव १२,००० डॉलरच्या वर गेला होता. साध्या मोटारसायकलीपेक्षा तिचा कागद महाग. आणि मोटारसायकल तिथे कोण घेतं? पुष्कळ ठिकाणी घरोघरी जेवण पोचवणारा, पहाटे कामावर जाणारा माणूस घेतो. दाखले गरजेप्रमाणे वाटावेत, अशी मागणी तिथे अनेकदा होते. पण गरज मोजायची कशी आणि कुणी, हा प्रश्न तिथेच अडतो. गटात दोघींचं आजारपण एकाच महिन्यात आलं की कर्ज आधी कुणाला, हे ठरवताना आपलीही तीच अडचण होते.

तरीही तिथे हे सगळं चालतं, याचं कारण दाखल्यात नाही, तारखांच्या क्रमात आहे. तो क्रम नीट ऐका. पूर्वी तिथे अनेक खासगी बस कंपन्यांचा गोंधळ होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या एकत्र केल्या आणि १९७३ मध्ये एक मोठी बस कंपनी उभी राहिली. त्यानंतर, १९७५ मध्ये, शहरात शिरायला पैसे लावले. नोव्हेंबर १९८७ मध्ये शहराची रेल्वे सुरू झाली. आणि त्यानंतर, १९९० मध्ये, दाखल्याचा लिलाव आला. आधी बस, मग पास. आधी रेल्वे, मग लिलाव. माणसाला जायला दुसरी वाट दिली आणि मगच गाडी महाग केली. हा क्रम उलटा असता तर तो श्रीमंतांसाठी रस्ता मोकळा करण्याचा प्रकार झाला असता आणि बाकीची घरी अडकली असती.

मैत्रिणींनो, आपला भाग सिंगापूर नाही. आपल्याकडे बाळंतिणीला रात्री तालुक्याला न्यायचं तर कुणाची तरी गाडीच लागते. ज्या वाडीला दिवसातून एकच एसटी येते, तिथे गाडी ही चैन म्हणता येत नाही. म्हणून तिथला लिलाव इथे आणा, असं आम्ही म्हणणार नाही. पण त्या पावतीतून दोन गोष्टी आपल्याला घेता येतात.

पहिली गोष्ट, उभ्या गाडीचा खर्च. गाडीसाठी कर्ज मागायच्या आधी वहीत पाच ओळी लिहा. वर्षाचे हप्ते किती, आणि त्यात व्याज किती. विमा किती. पेट्रोल किती. टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग किती. आणि पाचवी ओळ, जी कुणीच लिहीत नाही, गाडीची किंमत दरवर्षी किती उतरते. समजा सात लाखांची गाडी दहा वर्षांनी दोन लाखांना गेली. पाच लाख उतरले. वर्षाला ५० हजार, दिवसाला १३७ रुपये, गाडी जागची हललीही नाही तरी. मात्र एक काळजी घ्या. हप्त्यातलं मुद्दल आणि ही उतरण एकाच गाडीची आहे. म्हणून हप्ता भरायला महिन्याला किती रोकड लागेल हे वेगळं पाहा, आणि गाडी दिवसाला कितीला पडते हे काढताना मुद्दल सोडून व्याज आणि उतरण धरा. ती बेरीज ३६५ ने भागा. जो आकडा येईल तो आणि एसटीचं जाऊन येऊन तिकीट शेजारी शेजारी लिहा. गाडी भाड्याने लावून कमाई होणार असेल तर तीही लिहा. मग घरात चर्चा करा. कधी निर्णय गाडी घ्यायचा होईल, कधी गरजेला भाड्याची जीप बरी असा होईल. पण तो आकडे समोर ठेवून होईल.

दुसरी गोष्ट, बस. १७ मार्च २०२३ पासून आपल्या एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. त्याचा फायदा आपण सगळ्याच घेतो. पण गाडी आलीच नाही तर निम्मं तिकीट कशाचं काढणार? दवाखान्याच्या वेळेला, कॉलेज सुटायच्या वेळेला, आठवडी बाजाराच्या दिवशी एसटी नसेल, तर घरोघरी कर्ज काढून दुचाकी-चारचाकी घेतली जाते. म्हणजे न आलेल्या बसचे पैसे आपण हप्त्याने भरतो. तेव्हा ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत एक विषय घ्या. कोणत्या वेळेची एसटी हवी, रोज किती बायका आणि किती मुली तिने जातील, हे मोजून लिहा. तो कागद ग्रामसभेत ठराव म्हणून मांडा आणि ठरावाची प्रत आगारप्रमुखांना द्या. नुसती तोंडी तक्रार विसरली जाते. आकड्यांचा कागद फाइलला लागतो आणि त्याचा पाठपुरावा करता येतो.

पाच ओळींचा हिशोब करून पाहा आणि बैठकीला येताना ती वही बरोबर आणा. बेरीज जुळली नाही तर आपण मिळून जुळवू.